वरची आच

त्यानं खिमा पावाच्या अर्ध्या तुकड्यावर थापला आणि बोटांनी थेट कडेपर्यंत पसरला. कड उघडी राहिली की पाव करपतो. कांदा, मीठ, मिरपूड, सगळं खिम्यातच कालवलेलं. वर झाकायला दुसरा पाव नाही, तव्यावर उलटापालट नाही. सहा तुकडे मांडून त्यानं ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, लाल झालेल्या वरच्या कॉइलखाली.

"आठ मिनिटं," तो म्हणाला.

मिनिटभरातच त्यानं दार उघडून वाकून पाहिलं. बंद केलं. पुसलेला ओटा परत पुसला. पुन्हा उघडलं.

"अरे, सारखं उघडलंस तर आच कशी धरेल?" टेबलाशी पडदा शिवत बसलेली बायको म्हणाली.

"जुना झालाय हा. भरवसा नाही याचा."

ओव्हन जुना होता खरा. पण इतकी वर्षं तो आत ट्रे ठेवून खुशाल दुसऱ्या खोलीत लोळायचा आणि नेमक्या वेळी उठून यायचा. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तो मुख्य आचारी होता. तापानं दीड महिना घरी बसला होता, उद्या कामावर हजर व्हायचं होतं. सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. इतक्या दिवसांनी जायचं म्हणून असेल, असं तिला वाटलं.

"जरा इकडे ये. हे टोक वर धर, लांबी बघू दे."

तो खिडकीशी स्टुलावर चढला. दोन्ही हातांत पडदा, पाठ स्वयंपाकघराकडे. ती खाली बसून टाचण्या लावू लागली. मांस भाजल्याचा वास आला. मग पावाचा. मग कडवट, करपल्याचा. तिनं मान वर करून पाहिलं.

"सरळ आहे का?" त्यानं विचारलं.

ती मुद्दाम आणखी थोडी थांबली. तो पडद्याची चुणी नीट करत राहिला.

"करपलं," ती हळूच म्हणाली.

पडदा टाकून तो धावला. ट्रे बाहेर आला तेव्हा सहाही तुकडे कोळसा झाले होते.

"कधीपासून वास येत नाही तुला?" तिनं दारात येऊन विचारलं.

तो ट्रे खरवडत राहिला. "ताप उतरला तेव्हापासून. मीठ कळतं. तिखट झोंबतं. बाकी सगळं कापूस चावल्यासारखं."

"मला का नाही सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणाले, येईल परत. मला वाटलं, उद्यापर्यंत येईल."

"आणि उद्या तिथं मांस येईल, दूध येईल, ते कोण पारखून घेणार?"

"बघेन काहीतरी."

"चारशे लेकरं जेवतात तिथं."

एवढंच म्हणून ती टाचण्या गोळा करायला गेली. तो गॅलरीत गेला, आत आला, पुन्हा गॅलरीत गेला. मग फोन घेऊन त्यानं बाहेरून दार ओढून घेतलं. ते पुरतं लागलं नाही. ती सुई कापडात अडकवून तशीच बसून राहिली.

"वॉर्डनबाई, मी बोलतोय... हो, बरा आहे, उद्या येतो. पण एक सांगायचं राहिलं..." पावलं गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. "नाही, अजिबात येत नाही... भट्टी दुसऱ्या आचाऱ्यांकडे द्या ना, हात चांगला आहे त्यांचा... हो. चिरायला बसेन मी. चालेल."

आत येऊन त्यानं हात धुतले. उरलेला खिमा दोनच तुकड्यांना पुरला. या वेळी तो खुर्चीत बसून राहिला, दार एकदाही उघडलं नाही. ती ओव्हनपाशी उभी राहिली आणि तिनंच ट्रे काढला.

दोघं समोरासमोर बसली. तिनं पहिला घास घेतला.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं.

अठरा वर्षांच्या संसारात हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. कुणालाच.

तिनं सावकाश चावून घास गिळला.

"कांदा कच्चा राहिलाय," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली, दोन्ही ताटल्या ओढून घेतल्या आणि तुकडे परत ट्रेमध्ये ठेवले.