तिसऱ्या तासाची खूण

एप्रिलच्या सोलापुरात त्या फार्मसी कॉलेजमध्ये दिवसरात्र एसी चालणारी एकच खोली होती, आणि ती उंदरांची होती. प्राणिगृहाचं तापमान चोवीस अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे, असा नियम होता. प्राचार्यांच्या डोक्यावर पंखा आणि उंदरांच्या डोक्यावर एसी, म्हणून ऑफिसातली मंडळी तिथं उंदरांची देखभाल करणाऱ्या सिद्रामप्पाला 'एसीतले साहेब' म्हणत. सिद्रामप्पा अक्कलकोटकडचा, पंचावन्नचा. घरी कानडी, कॉलेजात मराठी आणि उंदरांशी पुन्हा कानडी बोलायचा.

बुद्धप्रिया एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा विषय सांगायला सोपा होता. मोहोळकडच्या कुंपणांवर माजणाऱ्या उतरणीच्या वेलीच्या पानांचा अर्क सूज कमी करतो का? उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात सूज आणणारं द्रावण टोचायचं आणि मग ठरावीक तासांनी तो पाय पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळीत बुडवायचा. जितकं पाणी सरकेल तितका पायाचा आकार. यंत्र तो आकडा मिलिलिटरमध्ये दाखवतं. पाय दर वेळी तेवढाच बुडायला हवा, म्हणून घोट्यावर मार्करनं आडवी रेघ ओढलेली असते. पाणी त्या रेघेला टेकलं की आकडा घ्यायचा. सिद्रामप्पा उंदीर धरून पाय बुडवी आणि बुद्धप्रिया आकडा लिहून घेई.

सहा-सहा उंदरांचे चार गट होते आणि एका दिवशी एक गट. नुसतं पाणी दिलेल्या गटात तिसऱ्या तासाला पाय सरासरी ०.८० मिलिलिटरनं सुजला. बाजारातलं सुजेवरचं औषध दिलेल्या गटात ०.३२ नं. अर्काच्या कमी मात्रेनं फारसं काही झालं नाही. शेवटचा गट जास्त मात्रेचा होता. त्याची मोजणी गुरुवारी झाली आणि तिसऱ्या तासाचा आकडा आला ०.३०, म्हणजे पाण्याच्या गटापेक्षा सूज बासष्ट टक्के कमी. पाला औषधापेक्षा सरस ठरला होता.

तिचे मार्गदर्शक शिवानंद सर सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा मागवला. आठवडाभरात निबंधाचा सारांश हैदराबादच्या परिषदेला गेला आणि निवडलाही गेला. तिथल्याच एका संस्थेत पीएचडीच्या जागेसाठी बुद्धप्रियानं अर्ज केला होता आणि त्यात सगळ्यात वर हाच निकाल होता. वडील यशवंत नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यांचं गिऱ्हाइकांनासुद्धा सांगून झालं होतं, पोरगी हैदराबादला बोलणार म्हणून.

प्रबंधात लावायला फोटो निवडताना ती अडकली. गुरुवारच्या तीन नंबरच्या उंदराच्या पायाचे, मोजणीआधी काढलेले दोन फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी होते. सकाळच्या फोटोत निळी रेघ बरोबर घोट्याच्या हाडावरून गेलेली होती. तिसऱ्या तासाच्या फोटोत रेघ काळी होती आणि हाडाच्या चांगली चार मिलिमीटर खाली, बोटांच्या बाजूला. तिनं बाकीचे पाच पाहिले. सहाही पायांवर तेच.

तिला गुरुवार आठवला. दुसऱ्या तासाची मोजणी झाल्यावर ती डबा खायला गेली होती. परत आली तेव्हा रेघा ठळक दिसत होत्या. सिद्रामप्पामामांनी पुन्हा रंग दिला, बरं झालं, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

ती खाली गेली. सिद्रामप्पा पिंजऱ्यांत भाताचं तूस बदलत होता.

"मामा, त्या गुरुवारी रेघा तुम्ही काढल्या का?"

"व्हय की अक्का. चाटून चाटून पुसल्या हुत्या त्यांनी. ते निळं पेन लई बोगस. मी माझ्या पेनानं काढल्या."

"सकाळी होती त्याच जागेवर?"

सिद्रामप्पानं हातातलं तूस खाली ठेवलं. "जरा खाली घेतल्या."

"का?"

"घोट्यापत्तुर पाणी आलं की वरडतंय ते. तितपत्तुर सूज चढलेली. जरा खाली रेघ असली की कमी बुडवायला लागतंय. हिसडा बी मारत न्हाय." तिचा चेहरा पाहून तो थांबला. "काय झालं? चुकलं का काय?"

"मामा, पाय कमी बुडाला तर पाणी कमी सरकतं. मग सूज कमी दिसते."

त्यानं बोटांना चिकटलेलं तूस झटकलं. मग म्हणाला, "म्हंजे औषदानं उतरली न्हाय?"

"माहीत नाही. तेच तर आता कळणार नाही."

"माझ्यामुळं."

"रेघ मी काढायची असते. मी डबा खात बसले होते."

"डबा खाऊ नये का माणसानं?" सिद्रामप्पा चिडून म्हणाला. चिडला होता तो स्वतःवरच. "मग आता काय?"

"एक तर गप्प बसायचं. नाहीतर नवीन उंदीर घेऊन तो गट पुन्हा करायचा."

"आनिक सहा?"

"आणखी सहा."

त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं. सहांचं दुखणं थोडं कमी करायला गेला होता तो, आणि त्यापायी आणखी सहांच्या पायात सुई जाणार होती. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बुद्धप्रियाला वाटलं, तो आता म्हणेल, राहू द्या अक्का, कुणाला कळतंय. तो तसं म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. क्षणभर तिनं त्याची वाटही पाहिली.

"गप बसलं तर पयल्या चोवीसांना मग उगाच टोचलं म्हनायचं का?" सिद्रामप्पा म्हणाला. "करा परत. धरनारा मीच."

शिवानंद सरांनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले.

"दुसऱ्या तासाला अठरा टक्के आणि तिसऱ्याला एकदम बासष्ट. ही उडी माझ्या नजरेतून कशी सुटली?" मग ते म्हणाले, "सुटली नाही. मला हवी होती ती."

"सर, हैदराबाद?"

"सारांश मागे घेतो म्हणून मीच मेल करतो. तुझ्या अर्जाचं मात्र तुला कळवावं लागेल. जागा जाईल कदाचित."

"हो सर."

"सिद्रामप्पाचं नाव कुठं घालू नकोस."

"नाही घालणार. खूण संशोधकानं स्वतः करायची, असं पद्धतीत लिहिलंय. ती मी केली नाही, तेवढंच लिहीन."

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीनं मंजूर केलेल्यांपैकी आठ उंदीर शिल्लक होते. समितीला पत्र गेलं आणि दहा दिवसांनी मंगळवारी मोजणी ठरली. या वेळी बुद्धप्रियानं रेघा स्वतः ओढल्या, प्रत्येक मोजणीच्या आधी घोट्याचं हाड बोटानं चाचपून. डबा तिनं पिशवीतून काढलाच नाही.

"खावा की," सिद्रामप्पा म्हणाला. "मी हात बी लावत न्हाय पेनाला. शप्पत."

"नंतर खाते मामा."

तिसरा तास झाला. सिद्रामप्पानं पहिला उंदीर उचलला. डाव्या हातात पाठ, उजव्यात सुजलेला पाय. पाणी घोट्याशी आलं तसा उंदीर चिरकला. "सुम्नीर, सुम्नीर," सिद्रामप्पा लहान मुलाला गप्प करावं तसं पुटपुटला, पण हात वर घेतला नाही. पाणी रेघेला टेकलं.

"घ्या अक्का."

"एक पॉइंट एकसष्ट."

तिनं वहीत लिहिलं. सकाळी हाच पाय ०.९८ होता, म्हणजे सूज ०.६३. दुसरा उंदीर ०.६१. तिसरा ०.६३. सहावा संपला तेव्हा सरासरी काढायला कॅल्क्युलेटर लागला नाही.

सिद्रामप्पानं शेवटच्या उंदराचा पाय मऊ कपड्यानं टिपला आणि त्याला पिंजऱ्यात ठेवलं. मग नजर न उचलता त्यानं विचारलं, "उतरली का?"

"थोडी उतरली. औषधाइतकी नाही. बासष्ट नाही, बावीस टक्के."

"मग त्या हैदराबादवाल्यांना काय सांगनार?"

"बावीस."

"आनि न्हाय घेतलं तर?"

"नाही घेतलं तर नाही घेतलं." तिनं वही मिटली नाही. अजून पाचव्या तासाची मोजणी बाकी होती. तिनं पिशवीतून डबा काढला आणि प्राणिगृहाच्या दाराबाहेर, उन्हातल्या पायरीवर ठेवला. "चला मामा, तुम्हीही या. दोन तासांत जेवून, हात धुऊन परत. आल्यावर रेघा मीच काढते."

"बाहेर लई ऊन हाय अक्का."

"चला साहेब," बुद्धप्रिया म्हणाली.

सिद्रामप्पानं चपला घातल्या आणि एसीतून बाहेर आला.