खालच्या गल्लीतला हिरवा दिवा

मित्रांनो, बागेत खेळायला येता तेव्हा कारंज्यामागे, जाळीच्या कुंपणात उभी असलेली पांढरी पेटी तुम्ही पाहिली असेल. काहीजण मला विजेचं कपाट समजतात. परवा तर एकाने माझ्या पाठीवर चेंडू मारून नेमबाजीचा सराव केला. असो. मी हवा मोजणारी पेटी आहे. आता जुनी झाले आहे, रंग उडालाय, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात.

माझ्या डोक्यावर एक नळी आहे. तिच्यातून मी सतत हवा ओढून घेते. पोटात कागदाची पांढरी फीत सरकत असते आणि तिच्यावर हवेतली काजळी बसते. डाग जितका काळा तितकी हवा वाईट, एवढंच माझं शिक्षण. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी शेवटचा स्क्रू आवळून माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "ही चुकायची नाही." त्या थोपटण्याचा मला फार अभिमान वाटला होता.

माझी पहिली नेमणूक झाली खालच्या गल्लीत, दवाखान्याच्या गच्चीवर. समोरच लोखंड वितळवायची भट्टी होती आणि तिचं धुराडं अगदी माझ्या तोंडासमोर. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर माझा दिवा लावला होता. हवा बरी असली की हिरवा, बिघडली की पिवळा, फारच वाईट झाली की लाल. माझ्यात आणि दिव्यात वायर नव्हती. मोबाइलवर निरोप जावा तसा माझा निरोप त्याला जायचा.

गल्लीने तो दिवा घरचाच मानला. लाल झाला की बायका वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या आणि दवाखान्यातल्या नर्सबाई खिडक्या लावून घ्यायच्या. पण त्याच्यावर खरी भिस्त होती ती समोरच्या शिवणवाल्या ताईची. तिचे वडील, आबा, जन्मभर त्याच भट्टीवर राबलेले. छातीचा पार भाता झालेला. दारात खुर्ची टाकून शेजारच्या न्हाव्याशी वाद घालायचा, एवढाच त्यांचा शौक उरला होता. सकाळी आतून त्यांची हाक यायची, "दिवा काय म्हणतोय गं?"

"लाल म्हणतोय. गपगुमान आत बसा."

"कालही लालच म्हणत होता. त्याला दुसरं काही येतं की नाही?"

ते चिडायचे, पण बसायचे आत. हिरवा दिसला की मात्र खुर्ची बाहेर आणि न्हाव्याची खैर नाही. मी वरून ऐकत असे. आबा आणखी एक हिवाळा काढतील, असं नर्सबाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, यात थोडा वाटा आपलाही आहे.

मग काय झालं ते ऐका. शहराने हवा सुधारून दाखवायचा चंग बांधला होता. सभा झाल्या, फलक लागले. भट्टीच्या धुराड्याला गाळणी बसवायचं मात्र नुसतं बोलणंच चाललं होतं. मुदत संपत आली तरी माझा काजळीचा आकडा काही केल्या उतरेना. एके दिवशी महापालिकेचे साहेब गच्चीवर आले. माणूस वाईट नव्हता, खूप थकलेला होता. "धुराड्यासमोर मोजून सगळ्या शहराची हवा कशी कळणार? हिला वर बागेत हलवा," ते मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्रीने माझे बोल्ट काढता काढता विचारलं, "आणि साहेब, दिवा?"

"राहू दे. लोकांना सवय झालीय त्याची."

मित्रांनो, या एका वाक्याने घात केला. कुणाच्या मनात पाप नव्हतं, पण डोक्यात विचारही नव्हता.

बागेत मी आले आणि माझी फीत जवळजवळ पांढरी राहू लागली. आकडा झपाट्याने उतरला. शहराचा सत्कार झाला. माझ्या गळ्यात हार घालून साहेबांनी फोटो काढला. आणि खाली, भट्टीच्या धुरात, माझा दिवा बागेतल्या हवेच्या निरोपावर रोज हिरवागार पेटत राहिला.

पुढचं मला शिवणताईच्याच तोंडून कळलं. एका दुपारी ती नर्सबाईंबरोबर इथे आली. माझ्यासमोरच्या बाकावर दोघी बसल्या.

"माझे डोळे चुरचुरत होते हो," ताई म्हणाली. "मी म्हटलं, आबा, आज नको. तर म्हणाले, दिव्याला जास्त कळतं की तुझ्या डोळ्यांना? मी हसले आणि खुर्ची बाहेर काढून दिली. रोज काढून देत होते. किती खूश होते. म्हणायचे, बघ, भट्टी सुधारली शेवटी."

नर्सबाईंनी तिचा हात धरला. "पेटी हलवल्याचं मलाही आबा गेल्यावरच कळलं गं. मी दिवा बिघडलाय म्हणून तक्रार करायला गेले, तर कचेरीत म्हणाले, दिवा अगदी बरोबर आहे."

ताई उठून जाळीपाशी आली. मला वाटलं, आता ही दगड उचलेल. उचलला असता तर बरं वाटलं असतं मला. तिने नुसता दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक.

"इथली हवा खरंच चांगली आहे हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दिव्याला मी खोळ शिवणार आहे. जाड कापडाची, दुपदरी. कुणी त्याच्याकडे बघून म्हातारं माणूस बाहेर बसवायला नको."

"अगं, सरकारी दिवा आहे तो. माझी नोकरी जाईल." नर्सबाई बाकावरून उठल्या. "शिडी मी धरते."

परवा मिस्त्री माझी फीत बदलायला आला होता. दिव्यावर काळी खोळ चढली आहे आणि नाडीची गाठ इतकी पक्की मारली आहे की सुटता सुटत नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. सोडायचा प्रयत्न त्याने फारसा केलेला दिसला नाही.

मित्रांनो, हवा सुधारली असं कुणी सांगितलं तर जरूर आनंद माना, पण मोजणारी पेटी कुठे ठेवली आहे ते आधी विचारा. ज्यांची छाती धुराने भरते त्यांच्या दारात मोजा. मला परत खाली न्या. तिथे माझी फीत काळीकुट्ट होईल, मला कुणी हार घालणार नाही, चालेल मला. आणि मी खाली पोचेपर्यंत ती खोळ कुणालाही काढू देऊ नका. तिच्याआड दिवा अजून हिरवाच आहे.