कोपऱ्यावरच्या दगडाची उंची

मी बसलो आहे तिथून जे दिसतं ते आधी मोजून सांगतो. फुलांची एक टोपली, औषधांची दोन दुकानं, एक शिंपी, कॉफीची पूड दळून देणारं एक दुकान, विजेचा एक खांब आणि रस्त्याच्या टोकाला मांबलम स्टेशनचा जिना. मित्रांनो, वेस्ट मांबलममधल्या या गल्लीत लोक दूध, देऊळ, डॉक्टर, सगळं पायीच उरकतात. आणि त्यांच्या वाटेत, खांबापाशी, मी. एक जुना आट्टुक्कल, म्हणजे इडली-दोशाचं पीठ वाटायचा दगड.

पल्लवरमकडच्या पाथरवटाने मला घडवलं, पोटात खळगा कोरला आणि त्यात फिरायला एक गोल दगडी बत्ता दिला. एका घरात मी पुष्कळ वर्षं तांदूळ-उडीद वाटले. "याच्या पिठाच्या दोशाला काय जाळी पडते!" असं त्या घरची सून पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. मग विजेचं यंत्र आलं. बत्ता दार अडवायच्या कामाला लागला. मला चौघांनी उचलून रस्त्याकडेला उपडं ठेवलं. फार वाईट वाटलं. पण उपडा झाल्यामुळे माझा माथा सपाट झाला आणि लोक बसू लागले. पोस्टमन बसे. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे भाग तपासणारी सांगलीची देविका कंपनीच्या बसची वाट बघत बसे.

रत्नप्रभा मामी मात्र कधी बसल्या नाहीत. मामी तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. भाजी घेऊन परतताना माझ्यापाशी थांबत, वाकून माझ्यावर तळवा दाबत, तोच हात डोळ्यांना लावत आणि खांब धरून उभ्या राहत. तेवढं चालून त्यांचे पाय भरून येत. एकदा तर भाजीवाल्यानेच त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं होतं. ते कळल्यापासून मुलगा शरदचंद्र मागे लागला होता. माझ्याशेजारीच एकदा त्यांचा फोन वाजला.

"अम्मा, महिनाअखेरच्या रविवारी येतो. तुझ्याबरोबर बाजारात चालतो. वाटेत अडलीस तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

त्याचं घर शहराबाहेर, अकराव्या मजल्यावर. तिथे कोथिंबिरीलाही गाडी काढावी लागते. मामींनी फोन ठेवला आणि चालतच समोरच्या औषधांच्या दुकानात गेल्या.

फुलवाली अलमेलू मामींना रोज बघत होती. तिला वाटलं, केवढी ही श्रद्धा! तिने मला धुतलं, हळद-कुंकू लावलं, रोज मोगऱ्याची नवी माळ घातली. मी देव झालो. आता देवावर कोण बसणार? पोस्टमन उभाच राहू लागला. देविका सवयीने टेकायला गेली तर अलमेलू ओरडली, "अय्यो! सामीवर बसतेस?"

त्याच वेळी मामी येत होत्या. त्यांची पिशवी निसटली, टोमॅटो रस्त्यावर घरंगळले. देविकाने धावत जाऊन त्यांना सावरलं.

"आजी, बसा ना थोडं."

"नको ग."

"देव आहे म्हणून?"

"देव कसला ग!" मामी हळूच म्हणाल्या. "रोज हात लावून बघते, आज तरी जमंल का म्हणून. बसाया होतं, उठाया होईना. चारचौघांनी बगलेत हात घालून उठवलं, तर शरदला कळाया वेळ तो किती?"

"मग डोळ्यांना हात का लावता?"

"उगाच वाकले असं दिसू नये, नमस्कार वाटावा म्हणून!"

देविकाने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हे अलमेलूला सांगितलं. अलमेलू कमरेवर हात ठेवून हसली. "मामी, आधी बोलायचं ना! इतक्या माळा मी फुकट घातल्या या सामीला?"

देविकाने पिशवीतली मोजपट्टी काढली. मी चौदा इंच भरलो. "घरी कुठल्या खुर्चीवरून सहज उठता?" तिने विचारलं. मामी म्हणाल्या, "जेवणाच्या." मामींना घरी पोचवून आलेल्या देविकाने सांगितलं, ती खुर्ची अठरा इंच भरली.

अलमेलूने कापूर ओवाळून माझी क्षमा मागितली आणि माळ उतरवली. रिक्षावाल्यांनी मला उचललं. "सामी नैवेद्य खाऊन जड झालाय!" त्यांच्यातला एक धापा टाकत म्हणाला. माझ्याखाली चार इंचांचा विटा-सिमेंटचा चौथरा आला.

ठरलेल्या रविवारी शरदचंद्र आईच्या मागे मागे चालत आला. मामी माझ्यावर बसल्या. त्याने लगेच हात पुढे केला.

"हात कशाला? ही पिशवी धर," मामी म्हणाल्या. दोन्ही तळवे माझ्यावर टेकवून त्या उठल्या आणि त्याच्या पुढे चालू लागल्या. संध्याकाळी तो एकटाच स्टेशनकडे गेला. जाताना माझ्यावर बसून त्याने बुटाची नाडी बांधली.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर अशी बसायची जागा असेल तर ती झाडून ठेवा. आणि तिथे कुणी येऊन नुसतंच उभं राहत असेल, तर त्यांना का ते विचारा.

डिसेंबरचा पाऊस ओसरल्यावर चौथरा खचला का ते बघायला देविका आली. तिने मोजपट्टी लावली. जमिनीपासून माथ्यापर्यंत अठरा इंच.