पंधरा पावलं लांब, पाच पावलं रुंद

माझ्या कागदावर काट मारणारा माझा सख्खा भाऊ आहे, हे आधीच सांगते. परका असता तर मी एवढी पेटले नसते.

घोटावड्याच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं फिरत्या पट्ट्याशेजारी उभी राहून माल तपासते. आठ तास, एका जागी. दोन वर्षांपूर्वी नवीन मशीन बसवायला स्पेनची एक इंजिनिअर बाई आली होती. तिनं कॅन्टीनमध्ये मोबाईलवर फोटो दाखवले. तिच्या देशात आठशे किलोमीटरची पायवाट आहे, पाठीवर सॅक टाकून माणसं महिनाभर ती चालतात. बाई माझ्याच वयाची, सत्तेचाळीसची. तेव्हापासून ती वाट माझ्या डोक्यात बसली. मलाही एकदा एकाच दिशेला महिनाभर चालायचं होतं, कुणाचं काही काम नसताना. त्याची मला लाज वाटत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी बूट घालून घोटावड्याहून रिह्याला, माहेरी, चालत जायला लागले. किलोमीटरला माझी पंधराशे पावलं पडतात, हे मोजून पक्कं केलं. खर्चही तसाच मोजला. विमान बहात्तर हजार. व्हिसा आणि विमा सोळा. बूट, सॅक, रेनकोट बावीस. राहणं-खाणं रोज चाळीस युरो, म्हणजे चार हजार, असे अडतीस दिवस. त्यातले चार दिवस पायांना विसावा. मलमपट्टीला दोन हजार. एकूण दोन लाख चौसष्ट हजार. हौसेचा एक रुपया त्यात नव्हता.

रिह्याला आई-वडिलांच्या मागे बारा गुंठे राहिले, सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या अभयचं नाव. सूसच्या एका साहेबांनी फार्महाऊससाठी ते गुंठ्याला आठ लाखांनी ठरवले. त्यासाठी अभयला माझं हक्कसोडपत्र हवं होतं. मला काही नको, असं बहिणीनं पौडला जाऊन लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी सही करतात, साडी घेतात आणि घरी जातात. मीही करणारच होते.

"ताई, तुझ्या त्या चालन्याला किती लागत्यात? लिहून आन," अभय म्हणाला. मला भरून आलं. भाऊ विचारतोय, मदत करणार. मी मूर्ख, रात्री बसून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चष्मा लावला आणि खिशातला पेन काढला.

"बूट कशाला? कंपनीतलं हायेत की." काट. "विसावा कसला? चालायला चाललीस ना, मग रोज चाल." चार दिवस काट. "चाळीस युरोचं काय खातीस? हितनं चटणी-भाकरी ने." चाळीसाचे पंचवीस. "आन खरं सांगू का, चालायला पैशे लागत्यातच कशाला? ताम्हिणीपतुर चाल, फुकाट हाय."

भावजय हसली. तिनं साडी आधीच काढून ठेवली होती, ब्लाउजपिसासकट.

"पावनेदोन लाख," अभय म्हणाला. "उद्या सही झाली की लगीच देतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला माझी वाट कळलीच नव्हती. तो माझ्या सहीचा भाव करत होता, आणि भाव पाडायला कागद मीच हातात दिला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. मी कागद उचलला आणि घरी आले.

सकाळी पौडला जायच्या आधी साहेब हद्द बघायला येणार होते. मी बूट घातले आणि चालत रिह्याला गेले. साहेब, एजंट राजू आणि अभय बांधावर उभे होते. मी त्यांना ओलांडून शेतात उतरले आणि चालायला लागले. पंधरा पावलं सरळ. तिथं दगड ठेवला. वळून पाच पावलं. पुन्हा दगड. चार कोपऱ्यांना चार दगड झाले.

"ताई, काय चाललंय तुझं?"

"हितं ये, अभ्या. आठ लाखाच्या भावानं माझी सगळी वाट एवढ्यात बसती, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. इमान, बूट, चार दिसांचा इसावा, समदं. बारा गुंठ्यात एवढी जागा तुला जड झाली."

साहेब मोबाईलमध्ये बघायला लागले. अभयचा चेहरा उतरला.

"बरं बाई, घे. दोन चौसष्ट पुरं देतो. आता चल पौडला."

"काल दिलं असतंस तर सही केली असती. साडीबी नेसले असते."

हे खरं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता. एवढ्या स्वस्तात मी सगळं सोडून दिलं असतं.

मी दोन दगड उचलले आणि पुढे निघाले.

"आता कुटं निघालीस?"

"सहा गुंठं माझं हायेत. पाच पावलांवरनं नव्वदवर जायचंय. मधी बोलू नको, मोजायचं चुकतंय."