जांभळा ठिपका

भावोजींवर वचपा काढायचा, एवढं एकच काम हल्ली माझ्याकडे उरलं होतं. बाकीची कामं त्यांनीच बंद पाडली होती.

दिवसा मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि संध्याकाळी घरी, जेवणाच्या टेबलावर, लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणजे करायचो. नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकायचं, इथपर्यंत गाडी आली होती. पण ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भावोजींचं, बाजारात कॉम्प्युटरचंच मोठं दुकान. त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली आणि मी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलो.

शिवणवाल्या काकूंच्या कॉम्प्युटरमध्ये मी नवीकोरी मेमरीची पट्टी बसवली होती. मी तापानं आडवा असताना काकू तो साफ करायला भावोजींकडे घेऊन गेल्या. भावोजींनी आतून एक जुनाट पट्टी काढून दाखवली. "आमच्या मेव्हण्यानं नवी सांगून ही बसवलीय बघा," म्हणाले, वर चुकचुकले. मी बरा होऊन कामावर जाताच काकू ती पट्टी घेऊन चष्म्याच्या दुकानात आल्या आणि चारचौघांत मला चोर म्हणाल्या. काकूंच्या जिभेला हाड नाही, आणि ओळखी तर घराघरांत. तेव्हापासून माझ्या टेबलावर फक्त जेवणच होतं.

मी बसवलेल्या प्रत्येक भागावर नेलपॉलिशचा जांभळा ठिपका असतो. ताई लग्न होऊन गेली तेव्हा तिची बाटली घरीच राहिली, तीच वापरतो. त्या जुनाट पट्टीवर ठिपका नव्हता. मी काकूंना परोपरीनं सांगितलं. "मग तुझी ठिपक्याची पट्टी दाखव," त्या म्हणाल्या. कुठून दाखवणार?

परवा ताई घरचा कॉम्प्युटर उचलून घेऊन आली.

"चालूच होत नाही रे."

"घरात एवढा मोठा तज्ज्ञ असताना?"

"बघतोस का जाऊ परत?"

मी झाकण काढलं. आतली एक वायर सुटली होती. आणि तिच्या शेजारच्या पट्टीवर, ऐटीत, माझा जांभळा ठिपका! भावोजींचा चिकटपणा नडला होता. चांगली पट्टी टाकवली नाही, घरीच वापरली. माझं रक्त उसळलं. तशीच ती उचलून त्यांच्या तोंडावर फेकावी, असं वाटलं. मग समोर बसलेली ताई दिसली. तिच्या संसाराचं काय? मी वायर जोडली, झाकण लावलं.

"झालं. वायर सुटली होती."

"सुटली नव्हती. मी काढली होती."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ती पट्टी यांनी बसवली तेव्हा टॉर्च मीच धरला होता," ताई म्हणाली. "माझं नेलपॉलिश मला ओळखू येणार नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर नवरा-बायकोचं भांडण झालं असतं. दोन दिवस अबोला, मग मिटलं असतं. मला मिटवायचंच नाहीये. काकू भेटल्या की मला चोराची बहीण म्हणतात. चल, ऊठ. आत्ता यांच्या दुकानात गर्दी असेल."

वाटेत तिनं काकूंनाही सोबत घेतलं. काकू बोलत होत्या, ताई ऐकून घेत होती. दुकानात शिरून तिनं कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला आणि मला म्हणाली, "उघड."

मी एकेक स्क्रू सावकाश काढला. इतकं सुख मला कुठल्याच कामात मिळालं नव्हतं. पट्टी काकूंच्या हातावर ठेवली.

"हा ठिपका आत्ताच लावला असेल यानं," भावोजी हसत म्हणाले.

"काकू, ही तुमच्याच मशीनमधली," ताई म्हणाली. "यांनी घरी आणून बसवली. टॉर्च मी धरला होता."

गिऱ्हाइकं काउंटरजवळ सरकली. भावोजींचं हसू मात्र तसंच चिकटून राहिलं होतं. त्यांनी तिचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "घरी चल. घरी बोलू."

ताईनं हात सोडवून घेतला.

"घरी कशाला? माझा भाऊ चोर ठरला तो चारचौघांत. बोला, सगळे ऐकतायत."