जोडा शोभत नाही

वनिताताई आली की आधी तिच्या सपाट चपलांचा मऊ, ओढल्यासारखा आवाज अंगणात यायचा आणि मग दाराच्या चौकटीत किंचित वाकलेली ती दिसायची. चौकट तिच्याहून उंच होती, तरी ती वाकायची. माझी ही मावसबहीण आमच्या साऱ्या गोतावळ्यात सर्वांत उंच होती, पुरुषांहूनही. चैत्रात पाने गाळून उभ्या असलेल्या सागासारखी तिची ती सडसडीत उंची लहानपणी मला फार देखणी वाटे.

आंजी गावात मावशीच्या घरी तिला पाहायला माणसे येत. ती वर्ध्याच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवायची. आवाज असा, की शांत पाण्यावर ऊन हलावे. ती बसलेली असेपर्यंत सारे गोड चाले. मग रिकामा ट्रे उचलून ती उभी राही, आणि पाहुण्यांच्या नजरा तिच्याबरोबर वर वर चढत जात. पुढे कधीतरी फोन येई : मुलगी गुणी आहे हो, पण जोडा शोभत नाही.

जे होकार देत, त्यांना ताई नाही म्हणे. तिची अट ऐकायला साधी होती : ज्याच्याशी संध्याकाळभर बोलत बसावेसे वाटेल, असा माणूस हवा. ‘आणि माझ्याहून उंच,’ हे ती जेमतेम ऐकू येईल अशा स्वरात जोडायची.

अशात हिंगणीचे एक गुरांचे डॉक्टर आले. ठेंगणे, विरळ केसांचे. ताईच्या खांद्याशी त्यांचे डोके. दोघांना मागचे तुरीचे शेत पाहायला पाठवले, सोबतीला मला. पौषातले ऊन धुऱ्याबांधावर पिवळे सांडले होते. पायवाट अरुंद, म्हणून ते थांबले आणि म्हणाले, “तुम्ही पुढं चाला, मॅडम. मले सावली भेटते.”

ताई हसली. इतकी मोकळी, की तिची पाठ आपोआप ताठ झाली. मग नद्या, जनावरांचे आजार, बोर धरणाच्या जंगलातले पक्षी असे बोलणे निघत गेले. घरात चहा निवून गेला तरी ती दोघे परतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला. ताई नाही म्हणाली.

“काऊन वं माय?” मावशीने कारण विचारले. “मानूस तं चांगला वाटते. तूबी किती बोलून राह्यली होती.”

“लोक हासतील, आई.”

“हासू दे लोकायले.”

“लोकायचं जाऊ दे. त्यायच्या बाजूले उभं राहाची मलेच लाज वाटंन.”

ज्या मापाने जगाने तिला नाकारले, ते माप नकळत तिच्याही डोळ्यांत उतरले होते. मावशीने पुन्हा विचारले नाही. स्थळे विरळ होत गेली. मावशी गेल्यावर ताईने वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत घर घेतले. नीटनेटके, प्रकाशाने भरलेले, आणि तिन्हीसांजेला इतके नीरव, की शेजारच्या घरातली बडबड भिंतीतून झिरपून यावी.

यंदा फाल्गुनात आम्ही दोघी बोर धरणावर गेलो. काठावरचे पळस पेटले होते. डॉक्टर तिथे पत्नीसह आले होते. ती त्यांच्याहून थोडी उंचच, आणि त्यांच्या कुठल्याशा बोलण्यावर डोळे पुसत हसणारी. ते आमच्याकडे आले.

“ओळखलं का, मॅडम?”

ताईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. “नाही,” ती म्हणाली, अगदी सौजन्याने. ते ओशाळून हसले, नमस्कार करून गेले.

परतताना मी विचारले, “नाई काऊन म्हटलं, ताई?”



“ओळख दिली असती तं ते बोलत बसले असते,” ती म्हणाली. “आन् त्यायचं बोलणं मले अजून आवडते.”

मावळतीचे ऊन शेतांवरून हळूहळू सरकत होते. जे नाते कधी जडलेच नाही, त्याची आठवण तरी कशाची राहावी? पण काळ बहुधा घडलेले पुसत नेतो, आणि न घडलेले मात्र माणसाजवळच ठेवून जातो.