खांबच्या वाडीत वाजलेला धवला

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. कॅसेट घालून चालणारा, वर धरायला दांडी असलेला. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा फक्त चित्रात पाहिला असेल. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण मला पहिला हात आठवतो तो कमळाकरकाकांचा. जोहे गावात त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. मूर्तीचे डोळे आखताना त्यांना गाणी लागत, म्हणून त्यांनी मला घेतलं. कितीतरी वर्षं मी मूर्तींच्या रांगेत बसून गायलो. प्लॅस्टरची पांढरी धूळ माझ्या जाळीत बसली ती अजून गेलेली नाही.

मग मोबाइल आले आणि मी फळीवर गेलो. कुणी विचारीना. माझ्यावर ब्रश वाळत घालू लागले.

तिथून मला खाली काढलं ते पेण-रोहा कुळवेल मंडळानं. कोण कुणाचं, कुठून आलं, कुठे गेलं हे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून जपून ठेवायचं, असं हे मंडळ. मिठागरं गेली, कंपन्या आल्या, माणसं पांगली. एकाच कुळातली मुलं एकमेकांना ओळखेनाशी झाली. मंडळ त्यांना जोडून देई. सोयरीक ठरण्याआधी लोक नातं तपासायला येत. ज्यांच्याकडे जातीच्या दाखल्यासाठी कागद नसत, त्यांना वाडवडिलांचा माग काढून देण्याचं कामही मंडळ करी. सभा भरायची ती दत्तात्रेय यांच्या सभागृहात. ते मंडळाचे अध्यक्ष. पेणच्या खाडीकाठच्या गावातलं मानाचं घर, शब्दाला वजन.

माणसांचं बोलणं मोबाइलवर घ्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. कमळाकरकाकाही मंडळात होते. ते म्हणाले, "मोबाइल समोर धरला की म्हातारी पदर नीट करते आणि गप्प बसते. या डब्याला कुणी घाबरत नाय." अशी मला नोकरी लागली. मला घेऊन गावोगाव फिरायची ती ऋतुजा, दत्तात्रेय यांची मुलगी. रोह्याच्या एका कंपनीत ती शिफ्टला जाई आणि सुट्टीच्या दिवशी मला खांद्याला लावून निघे.

पहिली कॅसेट तिनं घरातच भरली, आपल्या आजीची. चांगुणाआजी म्हणजे नावाजलेली धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात तिच्या धवल्याशिवाय हळद लागत नसे. ऐंशी उलटली तरी आवाज असा, की माझी जाळी थरथरायची. नव्या ठिकाणी गेलं की ऋतुजा आधी तो धवला लावून दाखवी. "बघा, असा आवाज येतो तुमचा," म्हणे. मग माणसं मोकळी होत. वर्धापनदिनी मंडळानं मला हार घातला. मी फार खूश होतो, मित्रांनो.

ऋतुजाच्या कंपनीत शिल्पा नावाची मुलगी कंत्राटावर लागली होती. खांब गावाच्या वरच्या अंगाला डोंगराकडे कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. तिला पुढे शिकायचं होतं आणि दाखल्यासाठी वडिलांकडचा जुना पुरावा काहीच नव्हता. ऋतुजानं घरी सांगितलं तेव्हा दत्तात्रेय म्हणाले, "तिकडं जाऊन काय मिळायचं नाय. ती माणसं अर्धं वर्ष वीटभट्टीवर. कोण काय सांगणार?" पण ऋतुजानं शिल्पाला शब्द दिला होता. कोलाडला एसटीतून उतरून, रिक्षा करून, आम्ही वाडीत पोचलो.

शिल्पाची आजी मंगळी अंगणात बसली होती. शेजारी शिल्पाचा बाप सोमा. शिल्पा त्या दिवशी कामावर होती. शिल्पाची आई चुलीशी चहा ठेवत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. नेहमीप्रमाणे ऋतुजानं कॅसेट घातली, बटण दाबलं आणि आजीचा धवला सुरू झाला. मंगळी खूश होऊन मान हलवू लागली.

चुलीशी बसलेली बाई उठली. हातातलं पातेलं तसंच घेऊन ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही कोन गाते गो?"

"माझी आजी," ऋतुजा म्हणाली. "पेणकडची आहे."

"कवाची हाय ही टेप?"

"यंदाचीच. माघातली."

"यंदाची?" बाईनं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजे ती हाय? जित्ती हाय?"

ऋतुजाला हसू आलं. "आहे तर. सकाळीच माझ्याशी भांडली."

बाई मातीत बसली. सोमा धावत आला. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "माजी आय हाय ती. माजी आय."

"काहीतरी चुकतंय तुमचं," ऋतुजा म्हणाली. "आजीला एकच मुलगी होती. माझी आत्या. ती लग्नाआधीच खाडीत बुडाली."

"तुना कोन सांगला?"

"बाबांनी. सगळ्यांना माहीत आहे."

"काय नाव होता तुज्या आत्याचा?"

ऋतुजानं तोंड उघडलं, पण नाव तिनं सांगितलं नाही. मी सांगितलं. त्या गडबडीत मला बंद करायचं राहून गेलं होतं. धवला संपला आणि आजीचं बोलणं लागलं, जे ऋतुजा कधीच कुणाला ऐकवत नसे. आजी म्हणत होती, "माजी सगुणा खाडीनं नेली. चपला काठावर गावल्या, पोर नाय गावली. तवापासना मी त्या पान्यात पाय नाय घातला."

"मीच ती सगुणा," बाई म्हणाली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझ्या पोटात फीत फिरते, दुसरं काही नाही. पण त्या अंगणात पुढे जे बोलणं झालं, ते माझ्या कॅसेटवर आहे, कारण मला सावरताना ऋतुजाचा हात चुकून रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर पडला. तिथून पुढे, आजीच्या बोलण्यानंतर मोकळ्या राहिलेल्या फितीवर, सगुणा बोलत गेली.

सोमा त्यांच्या मिठागरावर मीठ वाहायला यायचा. दोघांचं मन जमलं. आगऱ्याची पोर आणि कातकऱ्याचा पोर, गाव ऐकणार नव्हतं. ती त्याच्याबरोबर निघून आली. वडील आधीच वारले होते, घर मोठ्या भावाच्या हाती होतं. थोड्या दिवसांनी तो शोधत शोधत वाडीत आला. मारलं नाही, ओरडला नाही. अंगणात उभा राहून एवढंच म्हणाला, "आय गेली. तुज्यापायी गेली. आता त्या गावात पाय टाकू नको." आणि वळून चालू लागला.

"मी आयला मारली, या ओज्याखाली जल्म काढला मी," सगुणा म्हणाली. "पेनच्या वाटेला गेले नाय. कुनाला विचारू? कुठल्या तोंडानं?"

ऋतुजाला दर सर्वपित्रीचं कौलांवरचं पान आठवलं. आत्याच्या नावाचं ते पान बाबा स्वतः ठेवायचे. कावळा येईपर्यंत हात जोडून उभे राहायचे. ज्या बहिणीला त्यांनी या अंगणात उभी पाहिली होती, तिच्यासाठी!

मंगळी म्हातारी अखेरीस बोलली. "माझ्या घरात सून म्हणून आली ती पोर. रातचं रडायची तर मला वाटायचं, आमच्या गरिबीला रडते."

"चला माझ्याबरोबर," ऋतुजा सगुणाला म्हणाली.

"नको. आदी तिला सांग. मना बगून तिचा जीव जाईल."

तेवढ्यासाठी सगुणा माझ्यासमोर वाकून आईसाठी दोन शब्द बोलली. ते मी पोटात घेतले आणि आम्ही पेणला परतलो.

दत्तात्रेय ओटीवर बसून रोह्याच्या मेळाव्याचा फलक रंगवून आला होता तो न्याहाळत होते. वर्षाचा मोठा मेळावा जवळ आला होता. त्यात एकेका कुळाची वेल मोठ्यानं वाचून दाखवायची होती आणि पहिला मान त्यांच्याच घराचा होता.

ऋतुजानं मला त्यांच्यापुढे ठेवलं. "बाबा, आत्या कशी गेली?"

"कितीदा सांगायचं? भरती होती. चपला..."

तिनं बटण दाबलं. "आये," मी सगुणाच्या आवाजात म्हणालो, "मी सगुणा गो. मी बुडले नाय. मना सांगितला तू मेलीस..."

दत्तात्रेय यांनी माझं झाकण ओढलं. कॅसेट उपसली. फीत माझ्या चाकांत अडकली होती, ती तुटेपर्यंत त्यांनी खेचली. माझं झाकण तेव्हापासून नीट बसत नाही. पण मला त्या वेळी दुखापतीपेक्षा त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटली. ते रागावलेले नव्हते. एखाद्या बुडणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

"आपल्याला वाळीत टाकलं असतं," ते म्हणाले. "बाप नव्हता. तुझ्या काकाचं लग्न व्हायचं होतं. काठावर चपला ठेवून बुडाली म्हटलं, तर सगळं गाव दारात येऊन रडलं. पळाली म्हटलं असतं, तर तेच गाव थुंकलं असतं. मी काय करायला पायजे होतं?"

"आणि आत्याला काय सांगितलंत?"

ते तुटलेली फीत बोटाला गुंडाळत राहिले.

दारातून आवाज आला. "दत्तू."

चांगुणाआजी उंबऱ्यावर उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ऋतुजा धावली. "आजी, बस. मी फीत जोडते, परत लावते."

"लावाया कशाला पायजे? मी आयकला." ती मुलाकडे वळली. "तू रोज माज्या बाजूला बसून जेवलास. रोज. घास कसा उतरला रे तुजा?"

आजी रडली नाही. तिनं घरातलं लुगडंही बदललं नाही. "कमळाकरला बोलव," म्हणाली. "टेम्पो घेऊन ये म्हनाव."

ज्या टेम्पोतून गणपती जातात, त्याच्या पुढच्या सीटवर आजी, ऋतुजा आणि ऋतुजाच्या मांडीवर मी. वाटभर आजी एकच गोष्ट विचारत राहिली, "पोटाला खाते ना ती? बरी हाय ना?"

वाडीत टेम्पो थांबला तेव्हा सगुणा वाटेवरच उभी होती. दोघी समोरासमोर आल्या आणि थांबल्या. आजीच्या मनात मुलगी एकोणीस वर्षांचीच राहिली होती. तिनं हात लांब केला, सगुणाच्या डोक्यावरून फिरवला आणि घाबरल्यासारखं म्हणाली,

"तुजे केस पिकले गो, बाय."

मग मात्र दोघींचा बांध फुटला. कमळाकरकाका टेम्पोमागे जाऊन उभे राहिले. सोमा लांब, कुडाच्या आडोशाला होता. बऱ्याच वेळानं आजीनं डोळे पुसले आणि हाक मारली, "जावई, असा लांब कशाला? इथं बस."

आजी तिथंच राहिली. मेळाव्याच्या दिवसापर्यंत ती परत गेली नाही.

मंडळात मात्र वादळ उठलं. दत्तात्रेय यांनी निरोप पाठवला की ती नावं वाचलीत तर सभागृह बंद. काही सभासद म्हणाले, "घरातलं घरात ठेवा. मंडळाला कशाला डाग?" कमळाकरकाका क्वचितच चिडतात. त्या दिवशी चिडले. "मग आपण करतो काय? ज्यांची लाज वाटत नाय तेवढीच माणसं मोजतो? त्या शिल्पाच्या सात पिढ्या आपण शोधायला निघालो आणि आपल्याच अध्यक्षाची बहीण आपल्याला मेलेली चालते?" सभागृह गेलं तर गेलं, माझ्या कारखान्यात सभा भरवू, असं ते म्हणाले. शेवटी बहुतेकांनी हात वर केले.

रोह्याच्या मेळाव्यात ऋतुजानं वेल वाचली. "चांगुणा यांची मुलं दत्तात्रेय, काशिनाथ आणि सगुणा. सगुणा यांचे पती सोमा, मुलगी शिल्पा." तिनं एकही नाव गाळलं नाही. मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्या. कितीतरी माणसं उठून बाहेर गेली. आजी पहिल्या रांगेत होती, एका बाजूला सगुणा, दुसऱ्या बाजूला मंगळी. तिघींनी मागे वळून पाहिलं नाही.

दत्तात्रेय आले होते. दाराशी, भिंतीला टेकून उभे होते. वाचन संपल्यावर ते सावकाश पुढे आले. सगुणासमोर उभे राहिले, पण तिच्याकडे बघणं त्यांना जमेना. आईला म्हणाले, "मी अध्यक्षपद सोडलं. माझं नाव काढून टाका त्या वेलीतनं."

आजीनं त्यांच्याकडे पाहिलं. माफी तिच्या चेहऱ्यावर नव्हती, मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही.

"नाय," ती म्हणाली. "तुजा नाव हाय तिथंच ऱ्हाईल. जित्त्या मानसाचा नाव पुसायचा काम तू केलास. मी नाय करनार."

सगुणानं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती खुर्ची रिकामी झाली. दत्तात्रेय तिथं बसले की नाही, ते मला दिसलं नाही. मधे माणसं आली.

शिल्पाच्या दाखल्याचं काम मंडळानं पुढे चालवलं आहे. मंगळीचं सगळं बोलणं मी भरून घेतलं. आता माझी मोटर थकली आहे, पट्टा सैल झाला आहे, आवाज मधेच जाड होतो. ऋतुजानं सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि मला कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. पण त्या मेळाव्यानंतर मंडळाकडे माणसं हळूच येऊ लागली आहेत. दार लोटून घेतात आणि म्हणतात, "आमच्यात पण एक नाव आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं नाव असेल, जे निघालं की मोठी माणसं विषय बदलतात. भांडू नका, ओरडू नका. जवळ बसा आणि विचारा, ते माणूस कुठे आहे, आणि त्याला आमच्याबद्दल काय सांगितलं आहे. माझ्यासारख्या यंत्राला नवा पट्टा घालता येतो. पण उत्तर देणारी म्हातारी माणसं गेली, की दोन्हीकडची खोटी गोष्टच खरी होऊन बसते, आणि मग कुणीतरी डोंगराआड आपल्याच आईचं सुतक पाळत राहतं.